मॅग्नेट जित्तं हाय

अण्णारावांनी फाईल पुढे सरकवली आणि पेनचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"चार सह्या झाल्यात, मॅडम. तुमची एकच राहिली."

बुद्धप्रियाने कागद वाचला. जनारोग्य मंडळाच्या लातूर येथील धर्मादाय रुग्णालयातलं एमआरआय मशीन दुरुस्तीपलीकडे गेलं आहे, सबब ते निर्लेखित करून काढून टाकण्यात यावं. खाली अध्यक्ष, सचिव, रेडिओलॉजिस्ट आणि भांडारपाल यांच्या सह्या. पाचवी रेघ रिकामी होती. तिच्याखाली छापलं होतं, 'बायोमेडिकल इंजिनिअर'.

ती बारा दिवस रजेवर होती. बहिणीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेली होती. निघाली त्या दिवशी हेच मशीन चौदा पेशंट करून थांबलं होतं.

"कशानं बंद पडलं?"

"कंपनीचा माणूस हैदराबादहून येऊन गेला. त्यानं लिहून दिलंय. मशीन मेलं."

"मी बघितलं न्हाई अजून."

"बघायचं काय त्यात?" सचिव अण्णाराव हसले. "मेलेल्या माणसाची नाडी बघता का?"

"बघतात की, अण्णासाहेब. नाडी बघूनच डॉक्टर सांगतात, मेला म्हणून."

तिने टोपण पेनला लावलं, पेन फाईलवर ठेवलं आणि ती उठली. अण्णारावांच्या केबिनमधून कुणी असं उठून जात नसे. त्यांनी चहा सांगितलेला होता, तोही तसाच राहिला.

बुद्धप्रिया रेणापूरची. बाप ग्यानोबा शेतकरी, तिथल्या बुद्धविहाराचा सगळा हिशोब त्याच्याकडे. पोरीने नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि सहा वर्षांपासून ती या दवाखान्यात होती, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. व्हेंटिलेटरपासून रक्तदाबाच्या यंत्रापर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं. पण जीव होता तो एमआरआयवर. जुनं होतं, तरी चित्र स्वच्छ द्यायचं, आणि बाहेरच्या मानाने चौथाई पैशात द्यायचं.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर निलंग्याच्या जगदेवीबाई बसल्या होत्या, शेजारी नवरा हणमंतराव, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. दोन महिन्यांपासून बाईंना कडेचं दिसत नव्हतं. समोरचा माणूस दिसे, पण बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नसे. डॉक्टरांना मेंदूखालच्या ग्रंथीची शंका होती. शिरेतून औषध देऊन एमआरआय करायला सांगितलं होतं, म्हणजे गाठ असली तर ती चित्रात उठून दिसते.

"तिसऱ्यांदा आलाव, माय," जगदेवीबाई म्हणाल्या. "दरवेळी म्हणतेत बंद हाय. आता म्हणतेत बार्शी रोडला जावा, न्हाईतर नांदेड. बार्शी रोडवाले लई मागतेत."

बार्शी रोडचं नवं स्कॅन सेंटर अण्णारावांच्या जावयाचं होतं. दवाखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"थांबा, काकू. मी आत जाऊन येते," बुद्धप्रिया म्हणाली.

आत टेक्निशियन रुद्रेश हात चोळत उभा होता. "ताई, ऐका."

"काय ऐकू?"

"तेच. आवाज न्हाई."

खरंच नव्हता. मशीन स्कॅन करत नसलं तरी आतला थंडावा राखणारा पंप रात्रंदिवस चिक्-चुक् चिक्-चुक् करत असतो. सहा वर्षांत ती खोली इतकी गप्प तिने कधी ऐकली नव्हती. तिने भिंतीवरचा मीटर बघितला. हेलियम अठ्ठावन्न टक्के. ती रजेवर गेली तेव्हा एकाहत्तर होतं.

तिला काय झालं ते अर्धं तिथेच कळलं. या मशीनच्या पोटात मॅग्नेट असतं आणि ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं असतं. हेलियम आहे तोवर त्यातला प्रवाह आपोआप फिरत राहतो, बाहेरची वीज बंद केली तरी. म्हणजे मॅग्नेट शाबूत होतं. फक्त थंड करणारा पंप थांबला होता, म्हणून हेलियम रोज थोडं थोडं उडून जात होतं. आणि तो पंप थांबतो तेव्हा बहुतेक वेळा कारण गच्चीवर असतं. त्याला गार पाणी पुरवणारा चिलर गच्चीवर होता.

गच्चीला कुलूप होतं. किल्ली सचिवांकडे. शिपायाने निरोप आणला, ठराव झालेला आहे, आता कुणी मशीनला हात लावायचा नाही.

तिने हैदराबादच्या कंपनीतल्या त्याच माणसाला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, सभ्यपणे बोलला. मशीन जुनं आहे, सुटे भाग मिळत नाहीत, देखभालीचा करार संपलेला आहे, तुम्ही हात लावला तर जबाबदारी तुमची.

"चिलर तुमच्या कंपनीचा आहे का?" तिने विचारलं.

"नाही. तो रुग्णालयाचा."

"मग त्याला हात लावायला तुमची परवानगी लागत नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी अण्णारावांनी पुन्हा बोलावलं. या वेळी बसा म्हणाले नाहीत.

"जूनमध्ये तुमचा करार संपतो. ध्यानात आहे ना?"

"हाव."

"तुमच्या समाजाच्या पोरीला आम्ही संधी दिली. त्याची काही जाण?"

बुद्धप्रियाचा आवाज चढला नाही. "संधी न्हाई, अण्णासाहेब. पेपरात जाहिरात होती. सतरा जणांच्या मुलाखती झाल्या, त्यात मी पहिली आले. जाण ठेवायची तर त्या सतरा जणांची ठेवीन."

"उद्या अकरा वाजता माणसं येणारेत मशीन काढायला. तुमची सही असो नसो."

"येऊ द्या," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने दोनच फोन केले. एक रुद्रेशला. दुसरा मंडळाचे अध्यक्ष उमाशंकर यांना. आडत बाजारातले जुने व्यापारी, वय ऐंशीच्या घरात, सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा. ते सहसा दवाखान्यात येत नसत, अण्णाराव कागद घरी नेऊन सह्या आणत.

"अप्पा, तुम्ही सही केलेल्या कागदावर मशीन मेलं असं लिहिलंय. उद्या अकराला या आणि स्वतः बघा. खोटं निघालं तर मी राजीनामा तिथंच देईन."

पलीकडे बराच वेळ खोकला ऐकू आला. "येतो," अप्पा म्हणाले.

सकाळी साडेदहालाच टेम्पो फाटकात उभा राहिला. सहा माणसं, लोखंडी ट्रॉली, साखळ्या, हातोडे, वर कटिंगसाठी गॅसचं सिलिंडर. त्यांच्याबरोबर हैदराबादचा तो साहेब, हातात बॅग. अण्णाराव त्याला दारापर्यंत घेऊन आले.

दारात बुद्धप्रिया उभी होती. तिने कानातलं, घड्याळ, केसांची क्लिप, मोबाईल, सगळं काढून रुद्रेशकडे दिलं होतं. तिच्या पाठीमागे भिंतीवर प्लास्टिकच्या झाकणाखाली लाल बटण होतं. ते दाबलं की सगळं हेलियम वाफ होऊन पाइपातून गच्चीवर निघून जातं आणि दोन-तीन मिनिटांत मॅग्नेट खरोखरच संपतं.

"बाजूला व्हा," अण्णाराव म्हणाले.

"न्हाई होणार."

"आम्हाला ते बटण दाबावंच लागेल, मॅडम," साहेब म्हणाला. "त्याशिवाय हे लोक लोखंड घेऊन आत जाऊ शकत नाहीत. धोका आहे."

"धोका आहे हे तुम्हाला ठाऊक आहे," ती मोठ्याने म्हणाली, बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मग यांना सांगा, कसला धोका? मेलेल्या मशीनचा कसला आलाय धोका?"

साहेब अण्णारावांकडे बघू लागला. अण्णाराव चिडून ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "घे रे आत!" ट्रॉलीवाल्याने एक पाऊल टाकलं. बुद्धप्रियाने दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"दादा, तुझी ट्रॉली आत नेलीस तर ती तुझ्या हातातून सुटून मशीनला जाऊन चिकटेल. मधी तू सापडलास तर तुझ्या बरगड्या जातील. यांचं काय जाणारे? तुझ्या घरी कोण सांगणारे?"

माणसाने ट्रॉली सोडली आणि तो दोन हात मागे सरला.

एवढ्यात काठी टेकत अप्पा आले. मागून त्यांचा ड्रायव्हर. पायऱ्या चढून दम लागला होता. "काय तमाशा लावलाय?" त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं.

"अप्पा, काठीला लोखंडी टोक हाय. ती ड्रायव्हरकडं द्या आणि इथंच दारात थांबा," बुद्धप्रिया म्हणाली. "बघा फक्त."

तिने टेबलावरची एक यू-पिन घेतली, वीतभर शिवायच्या दोऱ्याला बांधली आणि ती एकटी आत गेली. मशीनच्या तोंडापासून हातभर अंतरावर थांबून तिने दोऱ्याचं टोक धरलं. पिन खाली लोंबली नाही. ती मशीनकडे तोंड करून ताठ, आडवी राहिली. दोरा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला. तिने हात डावीकडे नेला, पिन वळली. उजवीकडे नेला, पुन्हा वळली.

"मॅग्नेट जित्तं हाय, अप्पा," ती आतूनच म्हणाली. "अठ्ठावन्न टक्के हेलियम हाय. तुम्ही जित्याच्या मरणाच्या दाखल्यावर सही केली."

अप्पांनी अण्णारावांकडे बघितलं. मग साहेबाकडे. "काय हो, तुम्ही तपासलं होतं ना?"

"मशीनच्या संगणकावर चूक दिसत होती. पाणीपुरवठा नाही म्हणून. वय बघता दुरुस्ती परवडणार नाही, असं मी लिहिलं. मेलं असं मी लिहिलेलं नाही."

"पाणी का न्हाई, ते बघायला गच्चीवर गेला होतात?" बुद्धप्रियाने विचारलं.

"चिलर आमच्या कक्षेत येत नाही."

अप्पांनी हात पुढे केला. "अण्णाराव, गच्चीची किल्ली."

किल्ली निघायला वेळ लागला, पण निघाली.

मे महिन्यातली गच्ची तव्यासारखी तापली होती. रुद्रेश हत्यारांची पेटी घेऊन मागे आला. चिलरच्या पेटीत एक छोटा लाल दिवा लागलेला होता आणि मोटार बंद होती. तिने दिव्याखालचं नाव वाचलं आणि ती मटकन खाली बसली, हसायलाच लागली.

"काय झालं, ताई?"

"फेज उलटा. मी नसताना इथं वायरिंगचं काम झालं का?"

"झालं की. खालच्या पॅनलपासून इथवर नवी केबल टाकली. जुनी उंदरांनी खाल्ली होती. त्याच संध्याकाळी मशीन बंद पडलं."

तीन तारांमधल्या दोनची अदलाबदल झाली होती. मोटार उलटी फिरू नये म्हणून चिलरने स्वतःला बंद करून घेतलं होतं, एवढंच. रेणापूरला डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बदलून आली की दर वेळी हेच व्हायचं. विहिरीवरची मोटार उलटी फिरायची, पाणी यायचं नाही, आणि ग्यानोबा स्टार्टर उघडून दोन तारा बदलायचा. दहा वर्षांची असताना ती शेजारी बॅटरी धरून उभी राहायची.

खालचा पुरवठा बंद करून तिने टेस्टरने दोनदा खात्री केली. दोन तारा सोडवल्या, बदलल्या, आवळल्या. वीस मिनिटं. रुद्रेशने खाली जाऊन पुरवठा सुरू केला. लाल दिवा विझला, हिरवा लागला आणि पंख्याने गरम वारा तिच्या तोंडावर फेकला.

पाणी गार व्हायला दोन तास लागले. तेवढा वेळ अप्पा जगदेवीबाईंच्या शेजारी बाकावर बसून राहिले. साहेब एकदा येऊन हळूच म्हणाला, "मी वर जायला हवं होतं." बुद्धप्रिया म्हणाली, "हो, जायला हवं होतं." तिने चहा विचारला नाही. टेम्पो रिकामाच परत गेला.

दीड वाजता आतून चिक्-चुक् सुरू झालं. रुद्रेशने दार उघडून सगळ्यांना ऐकवलं.

पहिल्या जगदेवीबाई. डॉक्टरांनी त्यांचा किडनीचा रिपोर्ट बघितला, मग शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं. पडद्यावर ते उतरलं तेव्हा काचेमागून बुद्धप्रियालाही दिसलं. हरभऱ्याएवढी असायची ती ग्रंथी बोराएवढी झाली होती आणि डोळ्यांच्या नसेला खालून ढकलत होती. पुढे महिनाभरात नाकातून ऑपरेशन होऊन ती गाठ निघाली. डाव्या डोळ्याची कड पूर्ण परतली, उजव्याची अर्धी.

निर्लेखनाचा ठराव अप्पांनी बैठकीत रद्द केला. अण्णाराव सचिवपदावर राहिलेच. तशी माणसं लगेच जात नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बुद्धप्रियाच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांच्या आदेशाचा भंग केला, अभ्यागतांसमोर संस्थेची बदनामी केली, मंजूर कामात अडथळा आणला. खुलासा सात दिवसांत.

रुद्रेश म्हणाला, "ताई, माफी लिहून मोकळ्या व्हा. करार जूनमधी हाय."

तिने त्याच दुपारी खुलासा लिहिला. 'तिन्ही गोष्टी मी केल्या आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. मशीन बंद असतानाच्या अकरा दिवसांत परत पाठवलेल्या एकशे तेवीस पेशंटांची यादी आणि ते नंतर कुठे गेले याची चौकशी व्हावी अशी माझी मागणी सोबत जोडली आहे.' एक प्रत सचिवांना, एक अध्यक्षांना, एक धर्मादाय आयुक्तांना.

आवक-जावकच्या कारकुनाने कागद वाचला आणि तो घाबरून इकडेतिकडे बघू लागला. "मॅडम, असलं कशाला लिहायलात? ठेवा इथं, मी देतो साहेबांना."

"नुसतं ठेवत न्हाई," बुद्धप्रिया म्हणाली. तिने स्वतःकडे ठेवायची प्रत त्याच्यापुढे सरळ केली आणि बोटाने जागा दाखवली. "पोच द्या. तारीख टाका, आणि शिक्का इथं मारा."