असियामाने निवडलेला पंखा

कुमासीच्या सुआमे बाजारात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानी, असियामा रेडिएटरच्या पंख्यांपुढे असा उभा होता, जणू स्वतःसाठी स्थळ बघायला आलाय.

गेल्या खेपेला माम्पोंगच्या चढावर त्याच्या टॅक्सीचा रेडिएटर उकळला आणि सासूबाईंना, पोकुआंना, दुखवट्याच्या काळ्या वस्त्रात गाडी ढकलावी लागली. तेव्हापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नव्हता. आता शनिवारी त्यांच्या भावाला जाऊन वर्ष होत होतं, त्या दुखवट्याला त्याच चढावरून जायचं होतं. "एवढ्या वेळेला येते," त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा उकळली तर तूही माझ्या दारात नको आणि तुझी गाडीही नको."

दुकानदार ब्रेफो एकेक विजेचा पंखा बॅटरीला जोडून फिरवून दाखवत होता. ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा. असियामा प्रत्येक पंख्यापुढे तोंड धरी. एकाचा वारा लागला आणि त्याचे डोळेच मिटले.

"हाच!"

"मास्टर, रेडिएटरच्या पुढे बसवणार का मागे?"

असियामाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आयुष्यभर टॅक्सी चालवलेल्या माणसाने ते कबूल कसं करायचं?

"मला पंखे शिकवतोस? वारा बघ ना, वारा!"

मागे इंजिनाची दाटी, म्हणून घरी त्याने तो पुढेच बसवला. सुरू करून गाडीसमोर उभा राहिला. गालावरून झुळूक गेली, कपाळावरून गेली. धनी तृप्त झाला.

शनिवारी सपाटीवर गाडी गुणी लेकरासारखी धावली. चढ लागला, इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढला, वाफ सुटली. सासूबाई उतरल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. पंखा गरगरत होता, त्यांच्या डोईचं फडकं फडफडत होतं.

"जावई, हा वारा माझ्याकडे कसा येतोय?"

"जोरदार आहे ना, आई?"

"उकळतेय कोण? मी, का ते मागचं?"

असियामाने आ वासला. मग कपाळावर हात मारून हसायलाच लागला.

"आई, पंखा मी माझ्या तोंडासाठी घेतला हो! दुकानदार विचारत होता, पुढे का मागे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस."

"मग आता शिकलास का?"

इंजिन निवल्यावर त्याने पंखा सोडवला, त्याचं तोंड रेडिएटरकडे केलं आणि तारेने आवळून बांधला. सासूबाईंनी बोल्ट ओटीत धरले, वर रेडिएटरमध्ये पाण्याचा डबाही ओतला. पंखा सुरू झाला. वाटेवरचं एक वाळकं पान उडालं आणि रेडिएटरला जाऊन चिकटलं.

सासूबाई मागचं दार उघडून बसल्या.

"चल. तिथे उशिराचं कारण मी सांगेन. तू सांगितलंस, तर त्यातही तूच शहाणा ठरशील."

"खरंय, आई," म्हणत त्याने गाडी चढाला लावली. काटा जागचा हलला नाही.