ऑइलपेंटने रंगवलेला फळा

मी एक जुना फळा आहे, आणि दोन्ही बाजूंनी काळा आहे. दोन्ही बाजूंनी, मित्रांनो! एवढी साधी गोष्ट लक्षात यायला आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना नऊ महिने लागले.

सुताराने मला शाळेसाठी घडवले. शाळा बंद पडली आणि मी पेरू देशातल्या लिमा शहराच्या टोकाला, डोंगरउतारावरच्या सामायिक स्वयंपाकघरात आलो. इथे वस्तीतल्या बायका पाळीपाळीने रांधतात आणि ब्याऐंशी माणसे डबे घेऊन रांगेत उभी राहतात. आज काय शिजणार, एवढेच माझ्यावर खडूने लिहीत. सकाळी लिहायचे, संध्याकाळी पुसायचे. फार सुखात होतो मी.

मग मदत देणाऱ्या संस्थेचे इंजिनिअर उगार्ते आले. त्यांना पाच वर्षांचा आराखडा हवा होता. स्वयंपाकघराच्या प्रमुख हर्मेलिंदाबाई, ज्यांना इथे सगळे आदराने डोन्या म्हणतात, इतक्या हरखल्या, की त्यांनी गाण्याच्या जलशांच्या जाहिराती रंगवणारा पेंटरच बोलावला. त्याने भडक गुलाबी, हिरव्या आणि नारिंगी अक्षरांत माझ्यावर लिहिले: दर मंगळवारी पाण्याचा टँकर. दुसऱ्या वर्षी नवी चूल. तिसऱ्या वर्षी बेकरी. पाचव्या वर्षी दुमजली इमारत. अहो, फळ्यावर ऑइलपेंट! उगार्ते साहेबांनी मात्र माझे कौतुक केले आणि फोटो काढून नेला.

काही महिन्यांत डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि रस्ता वाहून गेला. टँकर कधी गुरुवारी येई, कधी येतच नसे. संस्थेचे धान्यही निम्म्यावर आले. आणि या बायका माझ्यासमोर बसून कशावर भांडत होत्या? बेकरीचे दार कोणत्या बाजूला असावे यावर!

"डोन्या, बेकरी गेली चुलीत. उद्या पाणी कुठून आणायचं ते बोला," नेलिदा म्हणाली. तिची जीभ सगळ्यांत तिखट.

"उद्या मंगळवार ना? मग टँकर येणार. लिहिलंय की वर!"

"टँकरवाल्याला तिथून वाचता येतंय वाटतं?"

सगळ्या हसल्या, पण पाण्याची सोय कोणीच केली नाही.

मंगळवारी टँकर आला नाही. मसूर कोरडाच राहिला. माणसे तीन वाजेपर्यंत उन्हात उभी होती. म्हातारे फोर्तुनातोकाका दिवसाला एकदाच जेवतात, तेही इथलेच. त्यांनी रिकाम्या डब्याचे झाकण लावले आणि म्हणाले, "असू दे गं पोरींनो, सकाळी चहा झालाय माझा." आणि ते हळूहळू उतार उतरून गेले. त्यांच्या पाठीमागे माझी गुलाबी अक्षरे चमकत होती. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेलिदा स्टुलावर चढली आणि तिने मला खिळ्यावरून उतरवले.

"हात लावू नकोस! साहेब काय म्हणतील?" डोन्या ओरडल्या.

"काहीही म्हणू देत. काल काका उपाशी गेले, ते साहेबांच्या फोटोत दिसणार नाही."

तिने माझी मागची कोरी बाजू पुढे करून मला टांगले आणि खडूने लिहिले: टँकर आला तर मसूर. नाही आला तर भाजलेले बटाटे. धान्य संपले तर खालच्या बाजारात पायी जाऊन उरलेली भाजी मागायची. कोण जाणार?

मागायला जायचे म्हणजे मान खाली घालायची. शेवटी डोन्या उठल्या, त्यांनी खडू घेतला आणि त्या प्रश्नापुढे स्वतःचे नाव लिहिले. त्या दिवशी सगळ्यांना भाजलेले बटाटे मिळाले.

पुढे उगार्ते साहेब आले. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारले, "आराखडा कुठाय?"

"हा काय समोर. रोज सकाळी नवा असतो," डोन्या म्हणाल्या.

"आणि बेकरी?"

"ती आहे ना मागच्या बाजूला, जाते कुठं! तुम्ही आधी जेवून घ्या साहेब, आज टँकर आलाय. पण रांगेत उभं राहा. फोर्तुनातोकाकांच्या मागं."

मित्रांनो, बेकरी मलाही हवी आहे हो. माझ्या पाठीवर ती जपूनच ठेवली आहे. पण माझी ही बाजू खडूसाठी मोकळी असू द्या आणि मला रोज पुसा. पुसण्याआधी मात्र काकांच्या डब्यात एकदा डोकावून बघा.