मुखपृष्ठावरचा हात

"हे काय, इस्पितळाची जाहिरात आहे का?" ब्रेंटने विचारलं आणि टेबलाभोवतीचे पाच-सहा जण खो खो हसले.

मार्गो पेलेटिअर हसली नाही. हसेल कशी? पडद्यावरचा हात तिचा स्वतःचा होता. न्यूयॉर्कच्या या प्रकाशनगृहात सव्वीस वर्षं ती मुखपृष्ठं करत आली होती. आणि हा ब्रेंट, विक्रीखात्याचा मुख्य! यानं पुस्तकाचं पहिलं पान तरी वाचलं होतं का कधी? हा फक्त मुखपृष्ठं बघायचा, तीही टपालाच्या तिकिटाएवढी करून. गिऱ्हाईक म्हणे फोनवर एवढंच बघतं!

कादंबरी होती अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर मासळी डबाबंद करणाऱ्या बायकांची. लिहिणारी वर्ना बील, वय चौऱ्याहत्तर. तिनं स्वतः एकतीस वर्षं त्या कारखान्यात कात्रीनं सार्डिन माशांची मुंडकी उडवली होती, आणि हे तिचं पहिलंच पुस्तक. मार्गोनं हस्तलिखित दोनदा वाचलं. मग कात्री काढून बघितली, डबा काढून बघितला, मासा, भोंगा. तेरा चित्रं टोपलीत गेली. चौदाव्या वेळी तिसऱ्या प्रकरणातली एक ओळ डोळ्यांत भरली: कापू नये म्हणून बायका कामाआधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळायच्या. झालं! बाईसाहेबांनी पट्टी आणली, बोटांना गुंडाळली आणि घरी ओट्याशी दोन किलो मासळी कापत बसल्या. पट्टी तेलकट झाली, कडा सुटल्या, तेव्हा कुठे हात खरा वाटायला लागला. कादंबरीचं नाव पाच अक्षरी, बोटं पाच. एकेका पट्टीवर तिनं शाईनं एकेक अक्षर लिहिलं आणि फोटो काढला. नंतर आठवडाभर घराला मासळीचा वास येत होता.

आणि हे म्हणे इस्पितळ! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"माझ्याकडे तयार आहे एक," म्हणत ब्रेंटनं पडद्यावर दुसरं चित्र आणलं. समुद्रकिनारा, आणि समुद्राकडे बघत उभी पाठमोरी बाई, लाल कोटातली.

"या वर्षातली ही तिसरी पाठमोरी बाई, ब्रेंट," मार्गो म्हणाली. "हिला तोंड नाही का?"

"पाठमोरी खपते. आणि लेखिकेलाही पसंत आहे."

"तिला विचारलंस?"

"कळवलंय. करारात 'सल्ला' लिहिलाय, 'मंजुरी' नाही." म्हणजे लेखकाला विचारायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं. या धंद्यात त्या एका शब्दावर कित्येकांची पुस्तकं भलतेच कपडे घालून बाहेर पडली होती.

"मग घे ना सल्ला! आत्ता, सगळ्यांसमोर लाव फोन."

ब्रेंटनं प्रकाशनाच्या मालकीणबाईंकडे, मिसेस ऑस्ट्रँडरकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. फोन लागला, टेबलाच्या मधोमध ठेवला गेला आणि मालकीणबाईंनीच मुखपृष्ठाबद्दल विचारलं.

"तो लाल कोट होय?" वर्नाबाईंचा आवाज आला. "खरं सांगू, मला नाही रुचला. पण ब्रेंटसाहेब म्हणाले, चित्रकार बाईंनी पुस्तक दोनदा वाचून तो काढलाय. म्हटलं, जिनं एवढं वाचलं तिचं मन कशाला मोडा!"

मार्गोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलला तो बोलला, वर तिच्याच वाचनाचा दाखला देऊन!

"वर्नाबाई, तो कोट माझा नाही. मी तुमचा हात काढला होता. बोटांच्या पट्ट्यांसकट."

वर्नाबाईंनी लगेच विचारलं,

"पट्टी कापडी की प्लास्टिकची?"

"कापडी."

"अंगठ्याला वेढे किती?"

"दोन. कात्री तिथंच घासते."

"अगं बाई!" वर्नाबाईंचा आवाज कापरा झाला. "आणि हे यांना नकोय?"

"वर्नाबाई, विक्रीच्या दृष्टीनं..." ब्रेंटनं सुरुवात केली.

"दृष्टी गेली खड्ड्यात!" मार्गो उठून उभी राहिली. "कोट छापायचा तर खुशाल छाप. वेष्टनाच्या आत दुमडलेल्या फ्लॅपवरून माझं नाव काढ. या खोट्यावर माझी सही नको."

"काढू की. फ्लॅपवरचं बारीक नाव वाचतं कोण?"

"मग माझंही काढा," फोनमधून आवाज आला. आता तो कापरा नव्हता. "मोठ्या अक्षरातलं, वरचं. एकतीस वर्षांत समुद्राकडे बघत उभं राहायला आम्हाला एक मिनिट मिळालं नाही हो. सगळी शिफ्ट मान खाली आणि हात चालू. लेखिका म्हणून त्या कोटाचंच नाव घाला."



"ब्रेंट, तो कोट काढ पडद्यावरून," मिसेस ऑस्ट्रँडर म्हणाल्या.