हंबीररावांचा पेसमेकर

मित्रांनो, मी एक जुना, पण अजून न थांबलेला पेसमेकर आहे. उचगावच्या हंबीररावांच्या छातीत, कातडीखाली, मी कैक वर्षं काढली. त्यांचं हृदय मध्येच ठोका विसरायचं. मग मी तारेतून विजेचा बारीकसा चिमटा काढायचो, "अहो, चला की!"

हंबीररावांना माझं भारी कौतुक. घरी कोणी आलं की सदरा बाजूला सारून दाखवायचे. "ह्यो हाय म्हणून मी हाय बघा, पावणं!" खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचो.

पण मला मोबाइलसारखं चार्जिंग नसतं. माझी बॅटरी कवचात कायमची बंद असते. ती संपत आली की मला अख्ख्यालाच काढतात आणि जुन्या तारांना नवा पेसमेकर जोडतात. पावसाळ्यात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मला तपासलं. "बॅटरी उतरलीय. गणपतीच्या आत बदलू या," ते म्हणाले.

गणपती आले नि गेले. मी ठोके मंद केले. बॅटरी संपत आल्याची तीच माझी खूण. हंबीररावांना जिना चढताना धाप लागू लागली. त्यांची बायको तानाबाई काकुळतीला आली.

"अवो, आजच जाऊया की दवाखान्यात."

"येडी का काय तू? म्हाळ सुरू हाईत. पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू अंगात घालायची व्हय? आबांचा म्हाळ होऊ दे, मग जाऊ."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठंय!

वडिलांच्या म्हाळाला हंबीरराव कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर गेले. "आबा, या!" त्यांनी हाक मारली आणि हृदय ठोका विसरलं. मी ठोका दिला. पोचला नाही. पुन्हा दिला. जीव तोडून देत राहिलो, पण माझ्यात जोरच उरला नव्हता. हंबीरराव कोसळले ते उठलेच नाहीत.

चितेवर बॅटरी फुटते, म्हणून डॉक्टरांनी मला आधीच काढलं. हृदय थांबलं होतं. माझे ठोके चालूच होते.

तानाबाईंनी मला मागून घेतलं. त्या मला कानाशी धरतात. "अवो, हाईसा का?" विचारतात. माझा आवाज होत नाही, आणि मी त्यांचा हंबीरराव नाही. तरी मी ठोके देत राहतो. आता मीही कधी थांबेन, याची फार भीती वाटते हो मला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर डॉक्टरांनी सांगताच त्यांना हाताला धरून न्या. मुहूर्त बघू नका. पितरांना कसली घाई होती? घाई मला होती.