एका मोबाईलवरच्या दोन नोंदी

"नीलिमाबेन, परत डबल आला!"

हंसाबेनचा फोन आला की माझं डोकं उठायचं. भाईंदरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्या पेशंटच्या वेळा नोंदवतात आणि ते ऑनलाइन कॅलेंडर आमच्या कंपनीचं. एक नाव टाकलं की दोनदा सेव्ह व्हायचं. सगळ्यांनी आधी हंसाबेनच्या बोटाला दोष दिला. एकदा दाबल्यावर बटण बंद होईल असं मी केलं, तरी दुखणं तसंच. महिनाभर हेच दळण. शेवटी कळलं की हंसाबेन बटण दाबतच नव्हत्या, नाव बोटाने ओढून वेळेच्या चौकटीत टाकत होत्या. नाव पडलं म्हणून एक सेव्ह, चौकट बदलली म्हणून दुसरा. दोन्ही हुकूम आमच्याच ऑफिसातल्या दोघांनी लिहिलेले. मी एक काढून टाकला. आनंद वगैरे काही झाला नाही, नुसती झोप आली.

तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या जितेश सरांचा मेसेज आला, "जुने डबल पण उडव ना आजच." मी नियम लावला. नाव, मोबाईल आणि वेळ एकच असेल तर एक नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या. पुन्हा तपासत बसायचं त्राण कुणाला होतं!

त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा लेसरवाले डॉक्टर येतात. त्या दिवशी हंसाबेननी मला मीरा रोडहून बोलावूनच घेतलं. काउंटरसमोर राईगावातले धर्माजीकाका आणि त्यांची बायको दुर्गामावशी उभे होते. दोघांनाही साखर, दोघांचीही नजर अधू झालेली. घरात मोबाईल एकच, काकांचा. म्हणून हंसाबेननी दोघांच्याही नोंदी काकांच्याच नावावर, एकाच वेळेला टाकल्या होत्या.

"फॅमिलीचा एकच नाव टाकते मी, बेन. हमेशा ऐसेच करती हूँ."

माझ्या नियमाने त्यातली एक उडवली होती. मोकळी दिसली म्हणून ती जागा हंसाबेननी दुसऱ्याला देऊन टाकली होती. आता यादी भरलेली, आणि डॉक्टर यादीबाहेरचा पेशंट घेत नाहीत. मला हंसाबेनचा राग आला, सरांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

"हिला बसव," काका म्हणाले. "मना दिसतंय अजून."

"न्हाय न्हाय," मावशी म्हणाल्या. "नाव त्यांचा हाय, मोबाईल त्यांचा हाय. त्यांनाच जाव दे. मी फुडल्या महिन्याला येन."

चूक आमच्या कॅलेंडरची आहे, तुमची नाही, असं मी त्यांना समजावू लागले. मावशी मान हलवत सगळं ऐकून घेत होत्या, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून.

"मावशी, मी इकडे आहे."

"हाय गो, आवाज येतंय ना तुजा," त्या खांबालाच म्हणाल्या आणि हसल्या.

मी लॅपटॉप बंद केला आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभी राहिले.