हेडमास्तरांनी मागितलेली माफी

आमच्या गल्लीत बहिरं असणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने, सकाळी सहापासून खडखडाट, आत शिरलेल्या माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही. तिथे सगळेच हातांनी बोलायचे. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, प्रत्येकाला खूण होती. मालक आला की मिशीला पीळ. माझे अप्पा इरप्पा आणि माझी अव्वा, म्हणजे आई, नीलव्वा, दोघंही जन्माचे बहिरे, या खुणांत सगळ्यांना भारी होते. कुणाची त्याच्या समोरच टर उडवायची असली की लोक अप्पांकडे शिकायला यायचे. त्यामुळे मला वाटायचं, सगळ्याच माणसांना दोन बोलणी असतात, एक तोंडाचं आणि एक हाताचं.

चौथीत आम्हाला शांतला अक्कोरू होत्या. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. कविता फार सुरेख म्हणायच्या. पण मी उत्तर द्यायला उभी राहिले की माझे हात पुढे धावायचे आणि तोंड मागून यायचं. 'नदी' म्हणायच्या आत बोटं वाहू लागायची. मुलं हसली, मग नकला करू लागली. अक्कोरूंनी मुलांना गप्प केलं नाही, मला केलं. एके दिवशी त्यांनी माझ्या वेणीची लाल रिबन सोडली आणि तिनेच माझी दोन्ही मनगटं बांधली.

"आता बोल बघू तोंडाने. तुझ्याच भल्यासाठी करतेय, दानम्मा."

मला एक अक्षर बोलता आलं नाही. मग हे रोजचंच झालं, पहिल्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत.

घरी मी सांगितलं नाही. अव्वाला ते रिबनीवरून कळलं. कारखान्यात तुटलेले धागे जोडण्यात तिचा जन्म गेला होता, गाठ बघून ती कुणाच्या हातची ते सांगायची. सकाळी आपण बांधलेली गाठ संध्याकाळी दुसरीच असते, हे तिने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी माझ्या बाह्या वर सारल्या. मनगटांवर वळ होते.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी माग बंद ठेवला. लग्नकार्यातला पांढरा सदरा चढवला आणि शेजारच्या मागावरच्या गुरुसिद्ध काकांना खुणेने सांगितलं, चल बरोबर, बोलायला माणूस हवा.

काका मान हलवू लागले. हातांनीच म्हणाले, "शाळा मालकाच्या ट्रस्टची आहे बाबा, मला कशाला पाडतोस यात? तुझी पोरगी आहे की! रेशनवाल्याला पुरून उरते, मास्तर काय चीज आहे?"

तेही खरंच होतं. रेशन, डॉक्टर, बँक, सगळीकडे मीच आईबापांचं तोंड होते. या खेपेला गोष्ट माझीच आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

हेडमास्तर हुल्लोळी सर खुर्चीत, बाजूला अक्कोरू, समोर आम्ही तिघं उभे. अप्पांचे हात सपासप चालत होते, चेहरा लालबुंद. मी तोंडाने सांगत होते.

"अप्पा विचारतात, माझ्या मुलीचे हात का बांधले? माझ्या मुलीनं काय चोरी केली?"

स्वतःलाच 'माझी मुलगी' म्हणताना मला कसंतरीच होत होतं.

"बांधले म्हणजे?" हेडमास्तर म्हणाले. "काय दोरखंड होता का? रिबन ती. रिबनीनं कुणी मेलंय?"

"बघा सर, बघा ना!" अक्कोरू मध्येच म्हणाल्या. "आत्तासुद्धा कसे हात चाललेत. हेच तर मी सांगत होते."

मी अप्पांना खुणेने सरांचंच म्हणणं सांगत होते. त्यासाठीसुद्धा हात लागतात, हे कविता शिकवणाऱ्या बाईला कळू नये! आजही मला त्या वाक्याचा संताप येतो. अव्वाने माझा हात धरून टेबलावर ठेवला, मनगट वर करून. हेडमास्तरांनी हजेरीपट तेवढा बाजूला सरकवला.

"हे बघ पोरी," ते मला म्हणाले, "तुझ्या घरात बोलायला आहे कोण? दोन दगड. दगडांत राहून पोर दगडच होणार. सांग तुझ्या बापाला, हिला आत्याकडे ठेव, मावशीकडे ठेव, पण माणसांत ठेव. सांग ना, बघतेस काय? जसंच्या तसं सांग."

दगडाची खूण सोपी आहे. मूठ वळायची आणि दुसऱ्या तळव्यावर आपटायची. माझी मूठ वळलीही होती. अप्पा माझ्या हातांकडे डोळे लावून बघत होते, सदऱ्याचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. माझी मूठ आपोआप सुटली.

मी खूण केली, "सर म्हणतात, चूक झाली. पुन्हा होणार नाही."

टेबलापलीकडच्या कुठल्याच माणसाने अप्पांना कधी 'चूक झाली' म्हटलं नव्हतं. त्यांचा राग एका क्षणात ओसरला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी हेडमास्तरांना हात जोडले.

"बघा," हेडमास्तर अक्कोरूंना म्हणाले, "शहाणा आहे बिचारा. नीट सांगितलं की कळतं." त्यांनी एक कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला. पालकांची काही तक्रार नाही. मुलीची सवय मोडण्यासाठी शाळा जे करेल त्यास संमती आहे.

"काय लिहिलंय?" अप्पांनी विचारलं.

एक खोटं बोललं की दुसरं त्याचा हात धरून येतंच. मी म्हटलं, "माफी लिहून दिलीय. तुमची सही हवी." अप्पांना सहीपुरतीच अक्षरं येत होती. त्यांनी ती सावकाश, अगदी वळणदार काढली.

परत येताना त्यांनी मला चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन दिलं, वर दोन मिरची भजी. कारखान्यात तर त्यांनी हेडमास्तर कसे उठून उभे राहिले, कसे हात जोडले, सगळं करून दाखवलं. हुल्लोळी सर खुर्चीतून हललेही नव्हते. माणसं हसून लोळली. गुरुसिद्ध काका मला उचलून घेऊन ओरडले, "वकील होणार ही!" इतकी आपली माणसं भोवती असताना इतकं एकटं मला आयुष्यात परत कधी वाटलं नाही. खरं सांगितलं असतं तर अप्पांचा तो दिवस गेला असता. नाही सांगितलं म्हणून माझं उरलेलं वर्ष गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

झोपताना अव्वाने एकदाच विचारलं, "खरंच तसं म्हणाले?" ऑफिसात ती माझ्या हातांकडे कमी आणि हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होती.

मी म्हटलं, "खरंच."

रिबन दुसऱ्या दिवशीही सुटली. आता तर कागदच होता. मी अव्वाची गाठ शिकून घेतली आणि शाळा सुटली की गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तश्शी बांधू लागले, म्हणजे संध्याकाळी तिला काही कळू नये. बांधलेले हात हलवले नाहीत तर वळ उठत नाहीत, हेही हळूहळू समजलं. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आसपास अक्कोरूंना बांधायची गरजच उरली नाही. मी उभी राहिले, हात मांड्यांना चिकटवून, आणि अख्खा धडा तोंडाने म्हटला. अक्कोरूंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

त्या संध्याकाळी अव्वा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिने मान वर करून खुणेने विचारलं, "आज काय झालं शाळेत?"

"काही नाही अव्वा," मी म्हणाले.

तोंडाने म्हणाले. माझे हात मांडीवर होते, तिथेच राहिले. हे माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या आलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. अव्वाने पिठाच्या हातांनी माझे दोन्ही हात उचलले, थोडा वेळ वरच धरून ठेवले, मग परत माझ्या मांडीवर ठेवले आणि ती भाकरी उलटायला वळली.