कोंतेसाशेजारचा ठिपका

"चार वर्षं हीच कॉफी आणि चार वर्षं हीच कोंतेसा," शेजारच्या टेबलावरचा तुल्लियो कपात बघत पुटपुटला. "एक दिवस दोन्ही अंगावर येणार आहेत."

"मोठ्याने बोल की," फियोरेंझा म्हणाली.

"मला पेन्शन हवीय, बाई."

कोंतेसा, म्हणजे उमरावीणबाई, हे प्रोफेसर ग्वालान्दींच्या लाडक्या दीर्घिकेचं टोपणनाव. तिचं चौकटीतलं चित्र बोलोन्याच्या वेधशाळेतल्या त्या खोलीच्या भिंतीवर मानाने मिरवत होतं. आकाशातल्या त्या कोपऱ्यातून क्ष-किरण येतात, ते तिच्यातूनच, असं प्रोफेसरांनी ठरवून टाकलं होतं. आता चिलीच्या मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज पाचच्या आत जायचा होता. अर्जातला नेम चुकला तर पुढची संधी वर्षाने, आणि फियोरेंझाचा करार जूनमध्ये संपत होता.

क्ष-किरणांचं चित्र अवकाश दुर्बिणीच्या चित्रावर बसवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. कुठे केसभर सुरकुती पडली तरी तिला कळायची.

"प्रोफेसर, जरा बघता का?"

"बोल, पोरी." ती सेहेचाळीसची होती, पण त्यांच्यासाठी पोरगीच.

"चित्रं जुळवताना तुम्ही या ताऱ्यावर भिस्त ठेवलीत."

"क्ष-किरणांत तोच सगळ्यांत ठळक आहे."

"ठळक आहे, कारण तो आपल्या अंगणातला, अगदी जवळचा आहे. दोन चित्रांमध्ये अकरा वर्षं गेली. तेवढ्यात तो सरकला, आणि सगळं चित्र सोबत ओढून घेऊन गेला. मी त्याला वगळलं. लांबच्या सात दीर्घिका धरल्या. त्या काही जागच्या हलत नाहीत."

तिने कळ दाबली. पडद्यावरचं हिरवं वर्तुळ कोंतेसाच्या अंगावरून हलकेच उतरलं आणि शेजारच्या एका फिकट, तांबूस ठिपक्याभोवती जाऊन बसलं. हा ठिपका कोंतेसाच्या कितीतरी पलीकडचा होता, आणि सगळ्यांनी तो आजवर चित्रावरचा डाग समजून सोडून दिला होता.

तुल्लियोने कपात तिसऱ्यांदा साखर घातली.

"छान," प्रोफेसर पडद्याकडे वाकून म्हणाले. "म्हणजे... पुन्हा एकदा तपासू."

"तीनदा तपासलंय."

"असं करू या का," तुल्लियो घाईने मध्ये पडला, "अर्जात कोंतेसा आणि ठिपका, दोन्ही घालू. वेळ अर्धा अर्धा."

"अर्ध्या वेळात हा ठिपका उमटायचासुद्धा नाही," फियोरेंझा म्हणाली. "पुरा वेळ लागेल."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कळफलक त्यांच्याच हाताखाली होता. घड्याळात साडेचार वाजले होते.

"मग?" त्यांनी विचारलं.

तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मग कोंतेसाला खोडा, प्रोफेसर. तिच्यात काही नाही. तुम्ही चुकलात."